‘अर्धा तास दारात उभं केलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रविवारी तुम्हाला आमच्याकडे त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी. दीडशे रुपये आधी भरून काशाच्या वाट्यांचा नाद ऐकत शांत बसायला आलेला माणूस चिडून घरी गेला, हे आम्हालाही लागतं.

तुम्ही लिहिलंत की चादरींना वास होता, आत माग ऐकू येत होते आणि तुम्हाला अर्धा तास दारात उभं केलं. चादरींचं मान्य. नळाला पाणी रोज नसतं, धुणं साठलं होतं, अर्धवट वाळलेल्याच अंथरल्या. चूक आमची.

पण अर्धा तास नाही हो सर. अकरा मिनिटं. ६:३० चं सेशन, दार ६:२५ ला बंद होतं, हे पैसे भरल्यावर जो मेसेज येतो त्यात पहिल्याच ओळीत आहे. तुम्ही आलात ६:४१ ला. वाट्यांचा पहिला फेरा ६:५२ ला संपला आणि मी स्वतः उठून तुम्हाला आत घेतलं.

मधेच का नाही उघडलं, तर हा हॉल म्हणजे आमच्या वडिलांचा मागाचा कारखाना. आठ माग होते, ते विकले. दार तेच राहिलं, लोखंडी, रुळावर सरकणारं. ते सरकवलं की अख्ख्या बोळाला कळतं. काशाची वाटी (तळपायाला तूप चोळतो त्याच काशाची, तांबं आणि कथील) एकदा वाजली की नाद पुरता विरायला मिनिटभर जातो. बावीस माणसं डोळे मिटून त्या नादामागे गेलेली, त्यात एक काकू अशा की त्यांचे मिस्टर जाऊन महिना झाला नव्हता. त्यात ते दार ओढायचं? बाहेर बाकडं आहे, पंखा आहे, माठ आहे. माझ्या आईने तुम्हाला दोनदा बसा म्हटलं, तुम्ही फोनवर होता. तोच फोन नंतर आत वाजला. हे लिहिणार नव्हतो, पण ‘उभं केलं’ वाचून आईला फार वाईट वाटलं.

मागांचं म्हणाल तर शेजारचा कारखाना आमच्या आधीपासूनचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहून शेजाऱ्याला माग बंद कर कुठल्या तोंडाने सांगू? आमचंही घर त्याच खडखडाटावर चाललं. आमचा तंबोरा मिरजेचा आहे, त्याचा भोपळा पंढरपूरकडचा, आणि जवारीत, म्हणजे तार आणि घोडीच्या मधे, घातलेला दोरा या शेजारच्याच कारखान्यातलं सूत. षड्ज नीट लागला की माग मागे सरकतात, पण कान बसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि नेमकी तीच तुमची हुकली.

जागा घरची आहे म्हणून दीडशेत परवडतं, एसी त्यात बसत नाही. सोमवारी संध्याकाळी तर पैसेच घेत नाही. कुणी अभंग म्हणतं, कुणी कन्नड वचनं, कुणी तेलुगू भजनं, कुणी नुसतं भिंतीला टेकून बसतं.

रुळाला ग्रीस लावलंय, आता थोडं कमी करकरतं. उशिरा येणाऱ्यांसाठी मागचं दार उघडायचा विचार आहे, तिथं सध्या भावाच्या सायकली आहेत, बघतो. चादरींचंही काहीतरी करतोच. पैसे परत हवे असतील तर फोन करा. नाहीतर एकदा ६:२० ला या, पैसे न भरता.

रिव्ह्यू काढा म्हणत नाही. फक्त ‘अर्धा तास’ तेवढं दुरुस्त करा. नवीन माणूस आधी तेच वाचतो, आणि आमचे सगळे मिळून रिव्ह्यू नऊच आहेत.