नवा तारा 'जन्मला' म्हणे

सकाळपासून तिघांनी एकच बातमी पाठवलीये, "आकाशात नवा तारा जन्मला, शास्त्रज्ञ चक्रावले!" अरे कोण चक्रावलं? एक्स-रे ट्रान्झियंट सापडलाय, म्हणजे मधूनच एक्स-रेमध्ये भडकणारा स्रोत, बऱ्याचदा एक ब्लॅक होल आणि त्याचा जोडीदार तारा. तो तिथेच होता, निपचित, आत्ता भडकला म्हणून आपलं लक्ष गेलं. जोडीदार ताऱ्याचा गॅस ब्लॅक होलभोवतीच्या चकतीत साठत राहतो, वर्षानुवर्षं काही नाही, मग एके दिवशी चकती तापते आणि माल भसाभस आत जायला लागतो. जन्मबिन्म काही नाही.

मला एवढं झोंबतं कारण मीपण हेच केलंय. पीएचडीचं दुसरं वर्ष, रात्रीचे तीन, स्क्रीनवर एक ठिपका जो आदल्या दिवशीच्या इमेजमध्ये नव्हता. खराब पिक्सेल नाही, सूर्याचा भटका उजेड नाही, दोनदा बघितलं. हात थरथरत होते तरी मेलचा सब्जेक्ट टाइप करून झाला होता, 'नवा एक्स-रे ट्रान्झियंट', खाली माझं नाव. माझ्या गाइड मॅडमना फोन करून उठवलं. त्या झोपेतच म्हणाल्या, "जुने कॅटलॉग, आधी सापडलेल्या स्रोतांच्या याद्या, बघितलेस का गं?"

नव्हते बघितले.

बघितले तर माझ्या एरर सर्कलच्या, म्हणजे ठिपका नक्की कुठे असू शकतो त्या वर्तुळाच्या, बरोब्बर आत बसणाऱ्या स्रोताची एक ओळ. मी शाळेत असताना कोणीतरी तो नोंदवून ठेवलेला. त्या माणसाचा इतका राग आला होता ना!

आणि मी कोण लागून गेले, १९७५ मध्ये एरियल ५ या उपग्रहाला ए०६२०-०० नावाचा असाच एक ट्रान्झियंट सापडला, काही काळ सूर्य सोडला तर आकाशातला सगळ्यात तेजस्वी एक्स-रे स्रोत, आणि हार्वर्डच्या जुन्या काचेच्या प्लेट्स, म्हणजे आकाशाचे काचेवर घेतलेले फोटो, काढल्या तर तोच पठ्ठ्या १९१७ मध्येपण उजळलेला. एक्स-रे दुर्बीण तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. अठ्ठावन्न वर्षं ती काच कोणीतरी फुटू दिली नाही, धूळ खाऊ दिली नाही, त्याची हेडलाइन कधी झाली?

बरं, कधीच कोणी न नोंदवलेलेही सापडतात आणि असल्या बातम्यांनी दोन पोरं वर बघायला लागत असतील, मान्य. चुका मोठ्यांच्याही होतात, २०२३ मध्ये स्विफ्ट उपग्रहाला सापडलेला एक ट्रान्झियंट तर आधी गॅमा-रे बर्स्ट, म्हणजे दूरच्या दीर्घिकेतला क्षणिक स्फोट, समजून तसं नावही देऊन बसले होते.

त्या रात्री फोन ठेवताना मॅडम म्हणाल्या, "काउंट्स, किती एक्स-रे कण आले ते, मोजलेस ना? मग टाक नोंद, पुन्हा भडकला म्हणून." टाकली. अजून आहे ती ओळ, जुन्या ओळीच्या खालीच. आडनाव चुकवलंय माझं.