मी न लिहिलेली माझी जाहिरात

आज सकाळी पुण्याहून एका काकूंचा फोन. "रत्नागिरी हापूस आहे ना तुमच्याकडे? घरपोच मोफत?" म्हटलं, काकू, आमची बाग देवगडला आणि पार्सलचे पैसे वेगळे. "अहो, तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय!" त्यांनी स्क्रीनशॉटच पाठवला. खरंच तसं लिहिलेलं. मी नव्हतं लिहिलं.

गूगल अ‍ॅड्सवर माझं कॅम्पेन, म्हणजे जाहिरातीची सगळी मांडणी, उघडलं तर खाली कोपऱ्यात एआयचं नवं बटण, आपोआप चालू. म्हणजे हेडलाइन तोच लिहिणार आणि कुठल्या सर्चवर जाहिरात दाखवायची तेही तोच ठरवणार. विचारलं कोणी मला? गूगलचा मेल आला होता म्हणे. एप्रिलात पेट्या भरायच्या सोडून तुमचे मेल वाचत बसू?

आणि देवगडच्या आंब्याला रत्नागिरी! २०१८ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, हापूसला पाच जिल्ह्यांसाठी मिळालंय, माहितीये मला. म्हणून कुठल्याही बागेला कुठलंही गाव चिकटवाल? कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षं बोंबलतोय. २०२५ पासून फळाफळावर युआयडीचं, म्हणजे प्रत्येक फळाच्या वेगळ्या नंबराचं, स्टिकर लावायला लागलो ते त्याचसाठी. आणि इथे माझ्याच पैशानं, माझ्याच नावाखाली खोटं गाव छापलं! काकू मला लबाड म्हणाल्या. बारा वर्षं घरोघरी आंबा देतोय, हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

मग सर्च टर्म्स बघितल्या, म्हणजे लोकांनी काय शोधलं तेव्हा माझी जाहिरात दिसली ते. मी दिलेले शब्द "देवगड हापूस पेटी पुणे". पैसे गेले "आंबापोळी रेसिपी"वर, "हापूस कलम नर्सरी"वर. क्लिक पाटण्याहून, कारण लोकेशनमध्ये "त्या भागात रस असलेले लोक" हा पर्याय आधीच निवडलेला. रोजचं बजेट ८००, काल कापले १,५८०, वर १८ टक्के जीएसटी. विचारलं तर म्हणे एका दिवशी दुप्पट जाऊ शकतात, महिन्यात हिशेब जुळतो. अरे, माझा सीझनच जेमतेम दीड-दोन महिन्यांचा! त्यातले दोन आठवडे तुमचं मशीन "शिकतंय". माझ्या पैशानं का शिकतंय?

नवीन काही आलं की जुनं कामाचं काढून घेतात. जाहिरात सरासरी कितव्या नंबरवर दिसते ते कळायचं, २०१९ मध्ये गेलं. अधिकचं चिन्ह लावून सर्चमध्ये कुठले शब्द असायलाच हवेत ते पक्कं करता यायचं, २०२१ मध्ये तेही गेलं. त्याबदल्यात काय दिलं? कॅम्पेनला मार्क देणारा तो स्कोअर! अमुक टक्के, बजेट वाढवा म्हणजे शंभर होतील. शाळेतल्या पोरासारखे मार्क देतात मला, आणि मार्क वाढतात फक्त खिसा रिकामा केल्यावर. दर तीन महिन्यांनी गूगलचा नवा प्रतिनिधी फोन करतो, आधीच्याला काय सांगितलं ते याला ठाऊक नसतं, सल्ला मात्र तोच: बजेट वाढवा, सगळं ऑटोमॅटिक करा.

काकूंची पेटी पार्सलचे पैसे न घेता पाठवतोय. ते पैसे मला कोण देणार? पडवीत अढी लागलीये, चार दिवसांत माल निघायला हवा, आणि हेडलाइन मी एकेक करून हातानं पुसत बसलोय. बटण बंद केलं तर लगेच वर लाल पट्टी: तुमचा स्कोअर कमी झाला, पुन्हा चालू करा.

नाही करणार.