अनास्तासिया वाचली नव्हती

रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलाय याची धाकटी मुलगी अनास्तासिया १९१८ साली बोल्शेविकांनी केलेल्या झार कुटुंबाच्या हत्याकांडातून निसटली आणि ॲना अँडरसन या नावानं १९८४ पर्यंत जगली, असा मजकूर जुन्या फोटोंसह पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे. त्यातले मुद्दे घेऊ.

‘दोन मृतदेह सापडलेच नाहीत.’ हे २००७ पर्यंत खरं होतं. १९९१ साली रशियातल्या येकातेरिनबुर्गजवळचा, मृतदेह पुरलेला खड्डा उकरला तेव्हा अकराऐवजी (कुटुंबातले सात आणि चार सेवक) नऊच सांगाडे निघाले. राजपुत्र अलेक्सेई आणि एक मुलगी त्यात नव्हती. पण हत्येचा प्रमुख यूरोव्स्की यानं दोन देह वेगळे जाळल्याचं स्वतःच लिहून ठेवलं होतं. २००७ मध्ये त्या खड्ड्यापासून साधारण ७० मीटरवर जळक्या हाडांचे ४४ तुकडे मिळाले. डीएनएनं ते अलेक्सेई आणि त्याच्या एका बहिणीचे ठरवले. ती मारिया की अनास्तासिया यावर वाद आहे, पण चारही बहिणींचा हिशेब लागला.

‘कपड्यांत शिवलेल्या हिऱ्यांनी गोळ्या अडवल्या.’ अडवल्या, हे खरं. म्हणून तर मारेकऱ्यांनी संगिनी वापरल्या, डोक्यात गोळ्या घातल्या. सतरा वर्षांच्या मुलीचा तो शेवट सुटकेची कहाणी म्हणून सांगितला जातो, याची मला चीड येते.

‘अँडरसनच्या अंगावर जखमांचे व्रण होते.’ होते. पण ती फ्रान्झिस्का शान्झकोव्स्का होती, बर्लिनच्या दारूगोळा कारखान्यातली कामगार. १९१६ साली तिच्या हातून ग्रेनेड पडून फुटला. ती जखमी झाली, फोरमन तिच्या डोळ्यांदेखत मेला. १९२० मध्ये तिला बर्लिनच्या कालव्यातून बाहेर काढलं. तिची खरी दुःखं कुणी ऐकलीच नाहीत, सगळ्यांना राजकन्या हवी होती.

‘कोर्टानं मान्य केलं.’ नाही. १९३८ पासून चाललेल्या खटल्यात १९७० साली दावा सिद्ध झाला नाही एवढंच ठरलं.

निकाल लावला तो अँडरसनच्या आतड्याच्या तुकड्यानं. १९७९ च्या शस्त्रक्रियेनंतर अमेरिकेतल्या इस्पितळात तो जपून ठेवला होता. मातृवंशातून उतरणारा डीएनए १९९४ मध्ये ब्रिटनच्या प्रिन्स फिलिपशी ताडून पाहिला. फिलिप हे झारीनाच्या, म्हणजे झारच्या पत्नीच्या, सख्ख्या बहिणीच्या मुलीचे चिरंजीव. जुळला नाही. फ्रान्झिस्काच्या बहिणीच्या नातवाशी मात्र जुळला.

‘रोमानोव वाचलेच होते की!’ वाचले, पण दुसरे. झारची आई आणि बहीण क्सेनिया एप्रिल १९१९ मध्ये क्रिमियातून ब्रिटिश युद्धनौकेवर चढल्या. क्सेनियाचे वंशज आजही आहेत. निकोलायच्या पाच मुलांपैकी कुणाचाच वंश उरलेला नाही.