पंधरा मिनिटांत नीतिमान व्हा

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात केंद्र सरकारच्या अनुदानावर संशोधन करण्याचे भाग्य तुमच्या वाट्याला आले असेल, किंवा पुण्याहून, नागपूरहून पीएच.डी.साठी इकडे येण्याच्या तयारीत तुम्ही असाल, तर रुजू झाल्यापासून आठवडाभरात तुम्हाला एक ईमेल येईल. तुम्ही अद्याप नीतिमान झालेला नाहीत, हे त्यात नम्रपणे लक्षात आणून दिलेले असेल आणि तीस दिवसांच्या आत तसे होण्याची विनंती केलेली असेल. नीतिमान होणे म्हणजे संशोधनातील नीतिमत्तेचे सक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण उरकून त्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे. घाबरून जाण्याचे कारण नाही. या क्षेत्रात माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे, आणि गेल्या महिन्यात तर मी एका दुपारी दोन माणसांपुरती नीतिमान झाले. तेव्हा चार हिताच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

आपल्याकडे मुंज आयुष्यात एकदाच लागते. येथील मुंज दर तीन-चार वर्षांनी लावावी लागते, आणि दोन मुंजींच्या मध्ये एका दिवसाचे जरी अंतर पडले तरी बटूचे सर्व संस्कार रद्द समजले जातात, एवढे ध्यानात ठेवावे.

कोणताही वसा घेण्यापूर्वी त्याची कहाणी ऐकण्याची आपली रीत आहे, म्हणून तीही सांगते. ही कहाणी आटपाट नगरातली नसून अलाबामा राज्यातील टस्कीगी गावाच्या परिसरातली आहे. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने तेथील सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना एका अभ्यासात घेतले. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. तुमचे रक्त बिघडले आहे आणि आम्ही त्यावर उपचार करीत आहोत, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात उपचार न केल्यास हा रोग शरीराचे काय करतो, तेवढेच पाहायचे होते. पुढे पेनिसिलिन आले, सर्वत्र मिळू लागले, तरी या माणसांपर्यंत ते पोहोचू दिले गेले नाही. त्याच खात्यात नोकरीला असलेला पीटर बक्स्टन नावाचा तरुण १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रार करीत राहिला. कोणी दाद दिली नाही, तेव्हा त्याने ती हकीकत पत्रकारांच्या हाती दिली, आणि १९७२ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो अभ्यास बंद पडला. त्यातून १९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा आला आणि त्यातून, माणसांवर संशोधन करताना पाळायची नैतिक तत्त्वे सांगणारा, १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल आला. माझ्या वाट्याला आलेल्या प्रशिक्षणात ही सगळी कहाणी एका स्लाइडवर बसवलेली होती, आणि तिच्यावर प्रश्न असा होता की बेल्मॉन्ट अहवालात तत्त्वे किती आहेत. उत्तर तीन. ‘पुढे’ हे बटण दाबावे.

लॅपटॉपचा आवाज बंद ठेवावा.

मॉड्यूल, म्हणजे प्रशिक्षणातला नेमून दिलेला धडा, आपल्या विषयाचे आहे काय, असे कोणाला विचारू नये. मी मातीतल्या बुरशीवर काम करते. मागच्या खेपेला मला उंदरांना भूल देण्याविषयीचे मॉड्यूल नेमून देण्यात आले होते, आणि माझ्या प्रयोगशाळेत उंदीर फक्त रात्री, आगंतुक म्हणून येतात, असे कार्यालयाला कळवल्यावर उत्तर आले की मॉड्यूल रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि तो अर्ज भरण्यासाठीचे प्रशिक्षण सोबत जोडले आहे. मी उंदरांना भूल द्यायला शिकले. बुरशीची लेखी संमती कशी घ्यावी, हे मॉड्यूल निघण्याची वाट पाहत आहे.

विद्यापीठ बदलले की आधीच्या विद्यापीठातली नीतिमत्ता तेथेच ठेवून यावी. ती नव्या ठिकाणी चालत नाही.

परीक्षेची धास्ती घेऊ नये. चार पर्यायांपैकी जो सर्वांत लांब असेल, तोच बरोबर असतो. ‘वरील सर्व’ असा पर्याय दिसला तर तोच आहे, असे समजून पुढे जावे. उत्तीर्ण होण्यास बहुतेक ठिकाणी ८० टक्के गुण पुरतात, म्हणजे उरलेले २० टक्के अनीतीसाठी राखून ठेवण्याची मुभा आहे, आणि तेवढेही जमले नाही तर हवे तितक्या वेळा पुन्हा बसता येते. इतकी दयाळू परीक्षा आपण दहावीपासून आजतागायत पाहिलेली नाही.

आता एनएसएफकडे, म्हणजे विज्ञान-संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, प्रस्ताव पाठवायचा तर संशोधन-सुरक्षेचे प्रशिक्षणही त्याआधीच्या बारा महिन्यांत पूर्ण केलेले असावे लागते. परकी शक्ती संशोधकांना कशा भुलवतात, हे त्यात शिकवतात. आपण स्वतःच परकी शक्ती आहोत काय, अशी शंका काही भारतीय चेहऱ्यांना मध्येच येऊन जाते. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, कारण त्या वेळी पडद्यावरची घटिका भरत असते.

आता, नीतिमत्तेची गरज नेमकी कोणाला असते, याबाबत कायदा करणाऱ्यांची जी समजूत होती, ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकी काँग्रेसने २००७ मध्ये कायदा केला की एनएसएफकडे पैसे मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने जबाबदार संशोधनाचे प्रशिक्षण देण्याची योजना ठेवावी, आणि जानेवारी २०१० पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. हे प्रशिक्षण कोणासाठी? पदवीचे विद्यार्थी, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर प्रयोगशाळेत राबणारे संशोधक, यांच्यासाठी. ज्यांच्या नावावर अनुदान येते, जे प्रस्तावावर सही करतात, कोणता आलेख शोधनिबंधात जाईल आणि कोणता खणात राहील हे जे ठरवतात, त्या प्राध्यापकांचा त्या यादीत उल्लेख नव्हता. ते जन्मतःच पवित्र असावेत. पुढे २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने ही त्रुटी लक्षात घेतली आणि जुलै २०२३ अखेरपासून प्राध्यापकांनाही ही शाळा लागू झाली. म्हणजे साडेतेरा वर्षे चोरीविरुद्धचे व्याख्यान फक्त शिपायांना देण्यात आले आणि तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांना चहाला बोलावण्यात आले.

यातूनच माझा सर्वांत मोलाचा सल्ला निघतो, आणि तो वरिष्ठ प्राध्यापकांसाठी आहे: काम योग्य माणसाकडे सोपवावे.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे प्रमाणपत्र एका शुक्रवारी संपले. सोमवारी प्रकल्पाचे खाते गोठवण्यात आले, मंगळवारी रसायनांची मागणी परत आली आणि बुधवारी एका विद्यार्थिनीचे विद्यावेतन अडकले. गुरुवारी त्यांनी मला बोलावून एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर त्यांचा पासवर्ड होता. तू आत्ताच स्वतःचे करणार आहेस, सगळे तुझ्या डोक्यात ताजे असेल, माझेही जरा उरकून टाक, तुला पंधरा मिनिटेही लागायची नाहीत, अशा अर्थाचे ते हसतमुखाने बोलले. त्यांना वेळ नव्हता, हे खरे आहे; त्यांना प्रामाणिक संशोधन या विषयावर एका परिषदेत बीजभाषण द्यायचे होते. मी ‘बरे’ म्हणाले. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद त्यांच्या सहीसाठी टेबलावर होते, आणि ते कागद तेथे आहेत हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

मग मी त्यांच्या नावाने बसले. मॉड्यूलमध्ये प्रसंग आला: तुमचे वरिष्ठ तुम्हाला त्यांच्या वतीने एक खोटे निवेदन सादर करण्यास सांगतात, अशा वेळी तुम्ही काय कराल? मी त्यांच्या नावाने उत्तर दिले की मी ठाम नकार देईन आणि संशोधन-सचोटी अधिकाऱ्याकडे तक्रार करीन. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि अभिनंदन झाले. त्यांना १०० टक्के गुण मिळाले. मला स्वतःच्या नावाने ९२ मिळाले होते. प्रमाणपत्र आल्यावर त्यांनी ते मलाच पुढे पाठवले आणि खाली हात जोडलेले एक चित्र होते. फायलीत लावून ठेव, एवढाच त्याचा अर्थ.

यावर एखादा विनोद करून पुढे जाण्याचा माझा विचार होता, पण तो सुचत नाही.

एरिक पोलमन हे नाव किती जणांच्या प्रशिक्षणात आले होते? व्हर्मॉन्ट विद्यापीठातील हे मोठे प्राध्यापक, लठ्ठपणा आणि वार्धक्य या विषयांतले जाणकार. त्यांनी वर्षानुवर्षे आकडे फिरवले आणि त्या आकड्यांवर सरकारी अनुदाने मागितली. २००६ मध्ये त्यांना एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. हे कोणी पकडले? कोणत्या मॉड्यूलने, कोणत्या कार्यालयाने, कोणत्या हिरव्या खुणेने? वॉल्टर डेनिनो या त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या तरुण तंत्रज्ञाने. मूळ आकडे आणि प्राध्यापकांनी बदललेले आकडे त्याने शेजारी ठेवून पाहिले, आपल्या गुरूविरुद्ध तक्रार केली आणि पुढचे सगळे सोसले. बक्स्टनही खालचाच होता, डेनिनोही खालचाच. आणि प्राध्यापकहो, तुम्ही काय करता? खालच्यांनाच पुन्हा पुन्हा वर्गात बसवता, आणि ते वर येऊन बोलले तर त्यांच्या मुदतवाढीचा कागद टेबलावर पडून राहतो.

वेळ नाही म्हणता? प्रस्तावातले अंदाजपत्रक रात्री दोन वाजेपर्यंत जागून तुम्हीच ठीक करता ना? त्याच प्रस्तावात, आमच्याकडे प्रशिक्षण दिले जाते, असे विद्यापीठ शपथेवर लिहून देते आणि त्या शपथेवर तुमचे पैसे येतात. ती शपथ पासवर्डच्या चिठ्ठीवर उभी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बनावट आकडे, फिरवलेले आकडे आणि चोरलेला मजकूर, ही संघीय व्याख्येतली तीन पापे तुम्हाला तोंडपाठ आहेत; दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणे त्यांत बसत नाही, म्हणून तुम्हाला झोप लागते, इतकेच.

कार्यालयातल्या मंडळींनाही सांगते. एनआयएच या आरोग्य-संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने आपल्या प्रशिक्षण-अनुदानांसाठी २००९ मध्येच लिहून ठेवले आहे की किमान आठ तास माणसांनी माणसांसमोर बसावे, दर चार वर्षांनी तरी बसावे, प्राध्यापकांनी त्यात भाग घ्यावा, आणि नुसते ऑनलाइन शिक्षण पुरेसे मानले जाणार नाही. नियम लिहिणाऱ्याला काय हवे होते, ते इतके स्वच्छ लिहिलेले असताना, जेथे तो नियम लागू नाही तेथे तुम्ही सर्वांत स्वस्त पर्याय शोधलात आणि त्याला नीतिमत्ता हे नाव दिलेत. खाते गोठवणे तुम्हाला एका दिवसात जमते. एकाच संगणकावरून एका दुपारी दोन माणसे उत्तीर्ण झाली, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि आपली मुले! प्रत्येक विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात या परीक्षेची उत्तरे फिरतात, दर ऑगस्टला नवी तुकडी ती मागते आणि जुनी तुकडी मोठ्या मनाने देते. मीही दिली आहेत. नव्याने आलेल्यांना मदत, असे आपण त्याला म्हणतो. लाज वाटायला हवी, आणि यात मी माझे नाव पहिले लिहिते.

ज्या विद्यार्थिनीचे विद्यावेतन अडकले होते, ती कोल्हापूरची आहे, पहिल्याच वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात तिने मला विचारले, ‘‘ताई, जुन्या आलेखातून हे दोन नमुने का वगळले आहेत? वहीत कारण लिहिलेले नाही.’’ मी म्हणाले, ‘‘प्रोफेसरांना विचार.’’ ती त्यांना विचारणार नाही, हे मला ठाऊक होते. अकरा वर्षांपूर्वी मीही विचारले नव्हते. ते दोन नमुने मीच मोजले होते, आणि ते का गेले, ते मला माहीत आहे. येत्या मंगळवारी दुपारी दोन वाजता मी ती वही घेऊन तिच्या शेजारी बसणार आहे, आणि दार उघडे ठेवणार आहे. प्रोफेसरांनी यावे. पासवर्ड लागणार नाही.