औषधाच्या काउंटरवरून एक बदनाम कादंबरी

सेकोनाल लाल, नेम्ब्युटाल पिवळी, ॲमिटाल निळी. औषधशास्त्र शिकलेल्यांना ही नावं बार्बिट्युरेट्स या झोपेच्या जुन्या औषधांच्या धड्यातून ओळखीची असतात आणि परीक्षा संपली की विसरायला होतात, कारण झोपेसाठी आता ती जवळजवळ कुणी लिहून देत नाही. १९६६ साली जॅकलीन सुझान या लेखिकेनं मात्र त्या गोळ्यांवर, त्यांच्या रंगांसकट, एक अख्खी कादंबरी उभी केली: ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’. त्यातल्या बायका या गोळ्यांना लाडानं ‘डॉल्स’ म्हणतात. मी न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात काम करते. आमच्या लायब्ररीतल्या वाचनगटानं ही कादंबरी निवडली तेव्हा गटातल्या बाकीच्या बायका नट्यांच्या भानगडी वाचत होत्या आणि मी डोस मोजत होते.

गोष्ट १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतली. ॲन वेल्स मॅसॅच्युसेट्समधल्या एका सोवळ्या गावातून पळून न्यूयॉर्कला येते, नाटक-सिनेमावाल्यांच्या वकिलाकडे सेक्रेटरी होते आणि पुढे एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचा टीव्हीवरचा चेहरा बनते. नीली ओहारा ही रंगमंचावरच वाढलेली पोर, गळा असा की ऐकणारा गप्प व्हावा. ती हॉलिवूडला जाते. तिथे वजन उतरवायला एक गोळी, त्या गोळीनं उडालेली झोप परत आणायला दुसरी, आणि सकाळी सेटवर उभं राहायला पुन्हा पहिली. जेनिफर नॉर्थला गाता येत नाही, अभिनय येत नाही. तिच्याकडे फक्त देह आहे आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे. तिघींच्या वर हेलन लॉसन, ब्रॉडवेची पन्नाशीकडे झुकलेली सम्राज्ञी, कुठल्याही नव्या पोरीला पाय रोवू न देणारी.

त्या काळी पुस्तकावर तुटून पडायला कारणं भरपूर होती. उघड शरीरसंबंध, गर्भपात, दोन बायकांमधलं प्रेम, व्यसन. समीक्षकांनी पुस्तक धुऊन काढलं, स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनमनंही खिल्ली उडवली. तरी ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत २८ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं आणि विक्रीचा आकडा आज ३ कोटींच्या पुढे सांगितला जातो. त्यामागे सुझानबाईंची मेहनत होती. नवरा अर्व्हिंग मॅन्सफील्ड प्रसिद्धीच्याच धंद्यातला. दोघं गावोगाव पुस्तकांची दुकानं पालथी घालत आणि गल्ल्यावरच्या पोरापोरींची नावं लक्षात ठेवत. पुस्तकांचे खोके चढवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना भल्या पहाटे कॉफी आणि डोनट नेऊन देणारी लेखिका म्हणून बाईंची ख्याती होती. पुढे टीव्हीवर लेखक ट्रुमन कपोटीनं तिला ‘बाईच्या कपड्यातला ट्रक ड्रायव्हर’ म्हटलं. माल कोण वाहतो आणि कोण विकतो हे कपोटीपेक्षा तिला जास्त कळत होतं, एवढंच मी म्हणेन.

आता या कादंबरीला इथे कुणी अश्लील म्हणत नाही. आता ती ‘धमाल’ झाली आहे. १९६७चा सिनेमा लोक मुद्दाम हसायला म्हणून बघतात, संवाद पाठ म्हणतात. आमच्या गटातही नीली हेलनच्या डोक्यावरचा केसांचा टोप उपसून संडासात टाकते तो प्रसंग निघाला आणि हशा थांबेना. मीही हसले. पण त्या टोपाखाली विरळ झालेले केस घेऊन पोट भरायला अजून स्टेजवर उभी राहणारी बाई आहे, हे तासाभरात एकदाही कुणी बोललं नाही. शिव्या घालून पुस्तक न वाचणं आपल्याला माहीत आहे. हसून न वाचणं मी इथे आल्यावर पाहिलं.

त्याच सुमारास, २०२४च्या डिसेंबरात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच रण पेटलं होतं. बीडमधल्या संतोष देशमुख या सरपंचांच्या खुनानंतरच्या राजकीय धुळवडीत एका आमदारानं परळीच्या कार्यक्रमांचा विषय काढून प्राजक्ता माळी आणि इतर काही नट्यांची नावं घेतली. माळीनं मुंबईत पत्रकार परिषद घेतली, महिला आयोगाकडे तक्रार केली. आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली. पुरुष कलाकारही कार्यक्रमांना येतात, मग नावं बायकांचीच का, हा तिचा प्रश्न होता. आमच्या ग्रुपवर मात्र काकांपासून आतेभावापर्यंत सगळे ती खरी की खोटी, साधी की चालू, याचा निवाडा करण्यात गुंतले. त्याआधी नर्तकी गौतमी पाटीलच्या वेळी हेच झालं होतं. तिच्या हावभावांवर महिनोन्‌महिने प्रवचनं झाली. २०२३च्या फेब्रुवारीत ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून केलेला व्हिडिओ पसरवला गेला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि तरीही चर्चेची गाडी पुन्हा तिच्या हावभावांवरच आली. कार्यक्रमाची सुपारी कोण देतं, रक्कम कुणाच्या खिशातून येते, हजारोंच्या गर्दीसमोर नाचणाऱ्या मुलीला कपडे बदलायला दार लागणारी खोली मिळते का, हे प्रश्न आमच्या ग्रुपवर ‘बोअर’ ठरतात.

हे आपल्याकडे आजचं नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, हायकोर्टानं पंचवीस रुपये दंड ठोठावला आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. सात वर्षं एकच प्रश्न. सुटका झाली याचा आनंदच आहे, पण अशा खटल्यातून पुस्तकाबद्दल काही कळतं असं नाही. न्यायाधीशांच्या सहनशक्तीबद्दल कळतं.

तेव्हा मला हंसा वाडकर आठवतात. सुझानची कादंबरी काल्पनिक, आणि हंसाबाईंचं आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ हे घडलेलं आयुष्य, हा फरक मोठा आहेच. पण शेजारी ठेवून वाचा. रतन साळगावकर ही मुलगी घर चालवायला कोवळ्या वयात सिनेमात येते, नाव बदलते, कमावते. आणि त्या कमाईवर आधी माहेर आणि मग नवरा यांचा हक्क असल्याचं सगळेच गृहीत धरतात. तिला काम सोडून संसार करायचा असतो, संसाराला तिचं काम हवं असतं. ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ यांसारख्या चित्रपटांनी तिला डोक्यावर घेतलं त्या काळात ती आतून कशी कोसळत होती, ते तिनं अरुण साधूंकडे बोलून टाकलं, ‘माणूस’मधून ते छापून आलं आणि मग पुस्तक झालं. १९७१मध्ये ती गेली. १९७७च्या ‘भूमिका’त स्मिता पाटीलनं ते आयुष्य जगभर नेलं. मराठी घरांत मात्र या पुस्तकाची ओळख आजही ‘दारू आणि पुरुष यांचा कबुलीजबाब’ अशीच करून दिली जाते. माझ्या आईनं ते कपाटात आतल्या रांगेत ठेवलं होतं. त्यातली पानोपानी येणारी पैशाची गोष्ट, कुणी कराराची बोलणी केली आणि कुणी पैसे उचलले, ती कुणी सांगत नाही.

सुझानची कादंबरी टुकार आहे का? बऱ्याच ठिकाणी आहे. संवाद सरकारी टाइपरायटरवर बडवल्यासारखे खडखडतात. समलिंगी पुरुषांसाठीच्या शिव्या इतक्या सढळ हातानं येतात की आज वाचताना जीव कानकोंडा होतो. गोऱ्यांखेरीज न्यूयॉर्कात कुणी राहतच नाही असं वाटावं. आणि बायकांनी एकमेकींचे पाय ओढणं हा जणू निसर्गनियमच, असं लेखिका धरून चालते. पण एका बाबतीत तिचं पाणी भल्याभल्या लेखकांना नाही: पैसा कुठून कुठे जातो ते तिला दिसतं आणि ती लिहिते. जेनिफरची आई मुलीला पत्रं पाठवते ती पैसे मागायला. गायक नवरा मिळतो तर त्याची बहीण तिजोरी आणि भाऊ दोघांनाही मुठीत ठेवून असते. जेनिफर युरोपात जाऊन अंगप्रदर्शनाचे सिनेमे करते, चेहरा ताणून घेते, वजन उतरवायला स्वित्झर्लंडमध्ये दिवसचे दिवस झोपवून ठेवण्याचा इलाज करून घेते. शेवटी एक सिनेटर भेटतो, लग्न ठरतं. आणि स्तनाचा कर्करोग निघतो. सांगावं म्हणून ती तोंड उघडते तोवर तो प्रेमानं तिच्या स्तनांचंच कौतुक करून बसलेला असतो. ती सांगत नाही, आणि ऑपरेशनलाही सामोरी जात नाही, स्वतःला संपवते.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. कारण हे लिहिणाऱ्या बाईचा एक स्तन १९६२च्या नाताळात शस्त्रक्रिया करून काढला होता. ते तिनं जगापासून लपवलं. तिचा एकुलता मुलगा स्वमग्न होता आणि संस्थेत राहत होता, तेही लपवलं. टीव्हीवर झगमगीत कपड्यांत येऊन आपल्या पुस्तकाची जाहिरात करणारी ही बाई आतून काय घेऊन बसली होती, हे वाचकांना १९७४ साली ती त्याच रोगानं गेल्यावर कळलं. समीक्षकांनी जेनिफरच्या शेवटाला भडक म्हटलं होतं. भडक आहेच. पण जेनिफरला मारून सुझान स्वतः आठ वर्षं जगली, तीन कादंबऱ्या ओळीनं पहिल्या क्रमांकावर नेल्या. आपल्या देहाचीच किंमत आहे असं ठरलेल्या जगात तो देह बिघडल्यावर काय करायचं याचं उत्तर तिनं नायिकेला एक दिलं आणि स्वतःला दुसरं. या एका गोष्टीसाठी मी तिच्या सगळ्या खडखडाटाला माफ करते.

‘तुमच्याकडे बरं आहे, बायका मोकळ्या आहेत’ असं सुट्टीवर गेल्यावर मला ऐकवलं जातं. सिनेमात हेलन लॉसनच्या भूमिकेसाठी आधी गायिका-नटी ज्यूडी गार्लंडला घेतलं होतं. स्टुडिओच्या गोळ्यांवर वाढलेली ती खरी नीली. तिला कामावरून काढून टाकलं, आणि १९६९मध्ये ती ४७व्या वर्षी बार्बिट्युरेट्सच्या अतिसेवनानं लंडनला वारली. हे जुनं झालं म्हणावं तर पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्स घ्या. २००८पासून २०२१पर्यंत, तेरा वर्षं, तिचे पैसे आणि तिचं रोजचं आयुष्य कोर्टाच्या आदेशानं दुसऱ्यांच्या ताब्यात होतं. त्यातला बराच काळ तिचे वडीलच पालक होते, आणि त्याच काळात ती स्टेजवर नाचत होती, तिकिटं खपत होती. इथे बाईच्या पदरावर कुणी प्रवचन देत नाही हे खरं. इथे वकील असतात.

गोळ्याही गेलेल्या नाहीत. बार्बिट्युरेट्स कुलपात गेली, त्यांच्या जागी दुसरी आली. काउंटरच्या या बाजूनं मला दिसतं ते असं: सकाळी जागं ठेवणारं ॲम्फेटामिन आणि रात्री झोपवणारं झॉल्पिडेम एकाच पिशवीत घेऊन जाणाऱ्या तिशीतल्या बायका. २०२१पासून वजनाच्या इंजेक्शनांची भर पडली आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांना त्यांचा मोठा आधार आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लग्नाच्या फोटोंच्या आधी वीस पौंड उतरवायला ती मिळतील का, असं मराठीतूनही मला विचारलं गेलंय. कॅमेरा आता फक्त नट्यांसमोर राहिलेला नाही. तिकडे भारतात कायद्यानं झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ओळखीचा मेडिकलवाला असला की मिळते, हे काही मी कुणाला नव्यानं सांगायला नको.

माझी भाची कोल्हापुरात एका मालिकेत काम करते. वय एकोणीस. ग्रुपवर तिच्या ब्लाउजच्या गळ्यावर आत्यांनी तीन दिवस खल केला. मी बहिणीला वेगळा फोन केला आणि विचारलं की चॅनलचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात. करारावर पोरीनं सही वाचून केली की यांनी दाखवली तिथे? बहीण दुखावली. ‘ताई, तू तिकडे राहून फार अमेरिकन झालीस. घरचे पैसे घरातच आहेत, तिच्या लग्नालाच लागणार ना?’ मी तिला ॲन वेल्सची गोष्ट सांगितली. प्रियकर लायनला धंदा उभारायला ॲन चोरून पैसे पुरवते, नाव दुसऱ्याचं पुढे करते, त्याचा अभिमान दुखावू नये म्हणून. तो यशस्वी होतो, लग्न होतं, आणि मग तो दुसरीकडे बघायला लागतो. बहीण म्हणाली, ही तर आपल्या आक्कामावशीची गोष्ट. मग म्हणाली, खातं उघडायला पोरीला बँकेत नेते, पण यांना आत्ताच काही बोलू नकोस.