रात्री सिलिंडर कोण बदलणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला घरी फोन केला आणि कुठे नवीन साथीची बातमी असली, की पुढच्या साथीला आपण तयार आहोत का, हा आमच्याकडचा जुना वाद पेटतोच. एक काका म्हणतात, आता वाशिमला, अमरावतीला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, नागपूरची धावपळ संपली. चुलतभाऊ अजून 2021 च्या कोरोनातल्या रेमडेसिविर इंजेक्शनवर अडलेला. मी लंडनहून मध्ये बोललो की ऐकून घ्यावं लागतं, "तुह्यं बरं हाय बाप्पा, तिकडं सारं फुकट!"

फुकट आहे, खरं. पण एप्रिल 2020 मध्ये इथल्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात काही दिवसांत नाइटिंगेल रुग्णालय उभं केलं, चार हजार बेडची सोय होईल असं. टीव्हीवर काय देखणं दिसायचं! पहिल्या लाटेत रुग्ण आले जेमतेम पन्नास-साठ. आयसीयूचं काम येणाऱ्या नर्सच नव्हत्या, म्हणून काहींना नकारही मिळाला.

इथलं घ्यायचंच तर वेगळं काही घ्यावं. साध्या सरकारी रुग्णालयांतल्या हजारो रुग्णांवर औषधं पारखणारी 'रिकव्हरी' चाचणी याच देशात झाली. जून 2020 मध्ये तिने दाखवलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर मृत्यू कमी होतात. हे औषध आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. ऑक्सिजन लागत नसेल, तर त्याचा फायदा नाही, हेही तिथेच कळलं. आपल्याकडे उलटं झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, यवतमाळ, अकोल्यात लाट चढली, आणि एप्रिलमध्ये लोक चिठ्ठी घेऊन रेमडेसिविरसाठी वणवण फिरत होते, काळ्या बाजारात पैसे मोजत होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच ते देऊ नका म्हटलं होतं. स्टेरॉइड मात्र सर्रास, ताप आला की सुरू. पुढे काळ्या बुरशीने, विशेषतः मधुमेह्यांचे, जे हाल केले ते नागपूरने पाहिले.

काकांना मी एकच हिशेब विचारतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागला तर तो बारा तासही पुरत नाही. म्हणजे संध्याकाळी लावलेला पहाटे संपतो. तीस बेडच्या ग्रामीण रुग्णालयात त्या वेळी काटा बघणारं, पाना फिरवणारं, श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला पालथं करणारं कोण असतं?

वाशिमच्या कॉलेजात पहिली बॅच 2024 ला बसली. इंटर्नशिप धरून ती पोरं डॉक्टर होतील 2030 च्या सुमारास. तोवर आमदार गावात आले, तर काकांनी बेड नाही, रात्रपाळीच्या नर्सच्या किती जागा भरल्या ते विचारावं.