नाकवाला ट्रक आणि आतला माणूस

दादाला नवा ट्रक घ्यायचाय. कराडला त्याच्या चार गाड्या आहेत, पुणे-बेंगळुरू लाईनवर धावतात. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, आणि तेव्हापासून त्याच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांत दुसरा विषय नाही. गाडी महागली, एसीनं ॲव्हरेज पडणार, गारव्यात ड्रायव्हर डुलक्या काढणार. मला मात्र फोनवर त्यानं वेगळंच विचारलं. "तुमच्याकडं ते लांब नाकाचे ट्रक असतात की. आपल्याकडं का काढत नाहीत? समोरून धडक बसली तर ड्रायव्हर तरी वाचंल."

मी अमेरिकेत, आयोवात राहतो. एका छोट्या ट्रकिंग कंपनीचा डिझेलचा हिशेब सांभाळतो. लांब नाक की वारा कापणारं उतरतं नाक, हा वाद इथे रोज कानावर पडतो. आमचा माल नेणारा एक साठीतला ड्रायव्हर आहे, ट्रक त्याच्या स्वतःच्या मालकीचा, पीटरबिल्ट 389. चौकोनी लांब बॉनेट, दोन्ही बाजूंना क्रोमचे गोल एअर क्लीनर, केबिनमागे उभे सायलेन्सर. दर शनिवारी तो ते क्रोम हातानं पुसतो. शेजारी कंपनीच्या फ्रेटलायनर कॅस्केडिया उभ्या असतात. उतरतं बॉनेट, एकसंध रुंद काच, कडेला वारा वळवणारे पत्रे.

पैशाचं म्हणाल तर माझ्या वहीत वादाला जागा नाही. वर्षाला 1 लाख मैल धरा. 389 गॅलनला 6 मैल देते, कॅस्केडिया 8. पहिलीला 16,667 गॅलन लागतात, दुसरीला 12,500. फरक जवळजवळ 15,800 लिटरचा. गॅलन 4 डॉलरला धरला तरी वर्षाचे साडेसोळा हजार डॉलर वाऱ्यावर जातात, आणि तेही शब्दशः, कारण ताशी 105 किलोमीटरला इंजिनाची जवळपास निम्मी ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. केनवर्थनं 1985 मध्ये टी 600 हा उतरत्या नाकाचा ट्रक आणला, तेव्हा ड्रायव्हरांनी त्याला मुंगीखाऊ म्हणून हिणवलं. आज हायवेवर बहुतेक त्याचीच नातवंडं दिसतात. 1961 पासून चालत आलेली केनवर्थची लांब नाकाची डब्ल्यू 900 ही 2026 मध्ये बंद होत असल्याचं कंपनीनंच जाहीर केलं आहे. पीटरबिल्टनं मात्र 389 च्या जागी आणलेल्या 589 ला लांब नाक ठेवलं. म्हणजे घेणारे अजून आहेत.

ते का घेतात, हे मला त्या केबिनमध्ये बसल्यावर कळलं. इंजिन पायाखाली नाही, पुढे दूर आहे. पाठीमागे झोपायची खोली, त्यात गादी, फ्रिज, हीटर. हा माणूस वर्षातल्या बहुतेक रात्री तिथेच झोपतो. त्याचं घर ते आहे, आणि घर कसं असावं हे तो स्वतः ठरवतो. मी त्याला डिझेलचा आकडा दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "आकडा बरोबर आहे. पण पैसे माझे आहेत." मी आजही नव्या माणसाला उतरत्या नाकाचीच गाडी घ्यायला सांगतो, तरी त्याचं उत्तर मला खोडता आलेलं नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेतही एके काळी चपट्या तोंडाचे ट्रक रस्ताभर होते, कारण तेव्हा ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबी मोजत. 1982 च्या कायद्यानं मोठ्या हायवेंवर लांबीची मोजणी ट्रेलरपुरती ठेवली, आणि नाकाला मोकळीक मिळाली. आपल्याकडे अजून अख्ख्या गाडीची लांबी मोजतात. नाक वाढलं की माल तेवढा घटतो. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, मर्सिडीज-बेंझच्या साथीनं 1954 पासून बनवलेले नाकवाले ट्रक आपण लहानपणी पाहिले, ते मागे पडले त्याचं हे मोठं कारण. शिवाय लांब नाकाआड पुढचा रस्ता झाकतो. आपल्या गावातून जाणाऱ्या रस्त्यावर नाकासमोर शाळेचं पोर आलं तर ड्रायव्हरला दिसायचंही नाही. आणि वारा कापण्याचं म्हणशील तर ताशी 50 ला हवेचा अडथळा 105 च्या मानानं चौथ्या हिश्श्याहून कमी असतो. खंबाटकी चढताना तो हिशेबातही येत नाही.

म्हणून दादा, नाकाचं सोड. इथून काही उचलायचं असेल तर केबिन उचल.

आपले वडील टाटाचा 1210 ट्रक चालवायचे, मग चपट्या तोंडाची गाडी आली. त्या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. वडील त्यावर गोधडीची चौपदरी घडी टाकायचे, तरी मे महिन्यात डाव्या मांडीची कातडी लाल होऊन यायची. आई रात्री खोबरेल लावायची. सोलापूरकडची खेप असली की ओला टॉवेल डोक्यावर. नितीन गडकरी एसी केबिनची बाजू मांडताना 43 ते 47 अंशांत 12-14 तास गाडी चालवणाऱ्यांबद्दल बोलले, तेव्हा मला ती गोधडी आठवली. एसीत झोप लागते हे मी मानत नाही. झोप लागते ती अर्धवट झोपेमुळे आणि अंगातलं पाणी संपल्यामुळे. इथे 11 तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, आणि पुन्हा चाक हाती घ्यायला सलग 10 तासांची विश्रांती लागते. ते घड्याळ ट्रकमध्येच बसवलेलं असतं. तेही आपल्याकडे यायला हवं, एसीच्या आधी आलं असतं तर आणखी बरं.

इथल्या वादात मला सर्वांत मोलाचं हे वाटतं की त्यात ड्रायव्हर बोलतो. आपल्याकडे गाडी मालक घेतो, कंपनी विकते, सरकार नियम करतं, आणि जो आत बसणार त्याला कुणी विचारत नाही.

दादाला म्हटलं, पैसे भरण्याआधी तुझ्या जुन्या ड्रायव्हरला शोरूममध्ये घेऊन जा. तासभर सीटवर बसू दे, मागच्या बर्थवर आडवं होऊन पाहू दे, त्याचे पाय पुरतात का ते बघ. दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हुबळीला गेलाय त्यो. गुरुवारी आला की नेतो."